गळकीचा चेंडू

पूल ओलांडून गावात शिरताना उजव्या हाताला मोठी पाटी लागते. इतर गावांच्या पाटीवर या म्हणतात, बसा म्हणतात, हळू चालवा म्हणतात. इथे गावाच्या नावाखाली नुसते दोन आकडे आहेत: एक्केचाळीस-चाळीस. नव्या माणसाला वाटतं इथलं तापमान असेल. तसं कोणी बोलून दाखवलं तर मात्र त्याची धडगत नाही, चहा थंड होईपर्यंत त्याला सगळं ऐकून घ्यावं लागतं.

तर ते असं. पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या हायस्कुलाच्या मुलींनी, आपल्याच शाळेच्या हॉलमध्ये, बास्केटबॉलचा जिल्ह्याचा अंतिम सामना एका गुणाने जिंकला. त्याआधी या गावाने काही केलं नव्हतं, आणि त्यानंतर काही करायची तसदीही घेतली नाही. संघाचा फोटो न्हाव्याकडे आहे, औषधाच्या दुकानात आहे, पोस्टात आहे. शाळेत महायुद्ध एका तासात उरकतात आणि हा सामना आठवडाभर शिकवतात. हॉलच्या जमिनीवर, जिथून कॅप्टनने शेवटची बास्केट केली, तिथे पिवळ्या रंगाने तारा काढलाय. दर वर्षी त्या तारखेला कॅप्टन त्या ताऱ्यावर उभी राहते, चेंडूचा एक टप्पा घेते, उडी मारते आणि तीच बास्केट पुन्हा करते. गाव टाळ्या वाजवतं आणि धन्य होऊन घरी जातं.

आता कोणी जिंकायचं म्हटलं की कोणीतरी हरायला लागतं. ते काम गळकीकडे होतं.

गळकी पुलापलीकडच्या गावच्या संघातली. शेवटची काही सेकंदं उरलेली, तिचा संघ चाळीस-एकोणचाळीसने पुढे आणि चेंडू तिच्या हातात. तिने काही पराक्रम करायचा नव्हता. नुसता चेंडू आपटत डावीकडून पळत राहायचं होतं, बस्स. पण चेंडू खाली गेला तो वर आलाच नाही. तिचा हात हवेत तसाच राहिला, कॅप्टनने वाकून चेंडू उचलला, पलीकडे धावली, एक टप्पा, एक उडी, आणि गावाला इतिहास मिळाला. या मुलीला मिळालं ते एवढं एक नाव. भोक पडलेली बादली जशी गळते तशी हिच्या हातातून वस्तू गळते, म्हणून गळकी.

आणि दैवाची थट्टा बघा. सहा वर्षांनी ही पोरगी लग्न होऊन याच गावात आली, आणि तेही कॅप्टनच्या सख्ख्या धाकट्या भावाशी. कॅप्टन तिची नणंद झाली.

नवरा सुतार. त्याचा बापही सुतार होता, हॉलची लाकडी जमीन त्यानेच घातली होती. नवऱ्याने तिला सामन्याच्या दिवशीच पाहिलं होतं, बापाबरोबर भिंतीला टेकून उभा असताना. "चेंडू गेला तरी तू रडली नाहीस," असं तो लग्नाआधी म्हणाला होता. "नुसती आपल्या हाताकडे बघत उभी राहिलीस. तेव्हाच ठरवलं." एवढं गोड बोलणं तिच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. त्या एका वाक्यावर ती शत्रूच्या गावात सून म्हणून आली.

दोघांनी मिळून काच-फ्रेमचं दुकान टाकलं. तो चौकटी करायचा, ती काच कापायची. गावातली एकूणएक खिडकी तिच्या हातून गेली होती. माणसापेक्षा उंच काच ती एकटी उचलायची, आणि कधी एक कोपरा टवकला नाही. पण घरात तिच्या हातून चमचा जरी पडला की सगळे एका सुरात, "गळकी!" आरसा न्यायला आलेला माणूस म्हणणार, "जपून हं, शेवटच्या क्षणी सोडू नका." पहिल्या वर्षी ती हसली. नवी नवरी होती, काय करणार? दुसऱ्या वर्षी कसनुसं हसली. मग हसणं थांबलं, पण विनोद थांबला नाही. विनोद शिळा झाला की टाकून द्यावा, पण या गावात काही टाकून देत नाहीत.

तिने तेही गिळलं असतं. न गिळता येणारी गोष्ट वेगळी होती. पुलापलीकडच्या संघाची कप्तान तिची जिवाभावाची मैत्रीण होती, एका ताटात जेवणारी. आता ती मैत्रीण तिकडे सुईण आहे. त्या सामन्यानंतर ती हिच्याशी बोलली नाही. लग्नाला आली नाही. बाळंतपणातही आली नाही, दुसरीला पाठवलं. "तुझ्या हातावर विश्वास टाकला हीच माझी चूक," एवढं शेवटचं वाक्य. गळकीला वाटायचं, बरोबरच आहे तिचं. कितीतरी वेळा दुकानात एकटी असताना ती आपले हात उलटसुलट करून बघायची. काय झालं होतं त्या हातांना? उत्तर मिळायचं नाही.

आणि मग मुलगी. पंधरा वर्षांची, पायाला भिंगरी लागलेली, बास्केटबॉलवाचून अन्न गोड लागत नाही अशी. हायस्कुलात खेळ शिकवायला कोण? आत्या. म्हणजे आपली कॅप्टन. आत्याने भाचीला वर्षभर बाकावर बसवून ठेवलं. पोरीने धीर करून कारण विचारलं, तर सगळ्या मुलींसमोर म्हणाली, "हात आईवर गेलेत तुझे. ऐन वेळी घात करशील."

पोरगी घरी येऊन आईला म्हणाली, "आई, तुझ्यामुळे." एवढं पुरलं. त्या दिवशी गळकीच्या काळजाला घरं पडली.

पंचविसावं वर्ष उजाडलं तशी गावाची मोठी धांदल उडाली. एके सकाळी हेडमास्तर आणि कॅप्टन दोघं दुकानात आले. हेडमास्तर नवे होते, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले, स्वभावाने भाबडे. कॅप्टन मात्र जुनीच: पाठ ताठ, गळ्यात शिट्टी, बोलणं असं की समोरचा माणूस रांगेत उभा आहे.

"वहिनी, या वर्षी मोठा कार्यक्रम आहे," हेडमास्तर म्हणाले. "पलीकडच्या गावालाही बोलावलंय. तो शेवटचा क्षण आम्ही जसाच्या तसा करून दाखवणार."

"दर वर्षी दाखवताच की."

"दर वर्षी तुझ्या जागी कुठल्यातरी पोरीला उभं करतो," कॅप्टन म्हणाली. "यंदा खरीखुरी गळकी पाहिजे. तू चेंडू घेऊन डावीकडून यायचंस, मी हिसकावणार, बास्केट करणार. तुला काही करायला नको. जे तेव्हा केलंस तेच कर."

गळकीने काच कापायचं हत्यार खाली ठेवलं. "वन्सं, मला नाही जमणार."

"अगं, गंमत आहे! एवढं काय मनाला लावून घेतेस?" कॅप्टन जरा पुढे वाकली. "आणि हे बघ. तू आलीस तर पोरीला मी संघात घेते. शब्द देते. नाहीतर आहेच बाक."

हेडमास्तरांना हे नीटसं कळलं नाही, ते फ्रेमा बघत होते. गळकीला मात्र लख्ख कळलं. लेकीसाठी आईने गावासमोर पुन्हा एकदा तोंडाला काळं फासून घ्यायचं, असा तो सौदा होता. तिच्या ओठावर शिवी आली होती ती तिने परत पाठवली आणि म्हणाली, "बरं."

त्या आठवड्यात हॉलची डागडुजी चालू होती. काम अर्थातच सुताराकडे. सगळ्या फळ्या घासायच्या, सैल असतील त्या पक्क्या करायच्या, वर पॉलिश मारायचं. ट्रॉफीच्या कपाटाची काच बदलायची होती, म्हणून दुपारी गळकी काच घेऊन हॉलमध्ये गेली. पंचवीस वर्षांत तिने त्या जमिनीवर पाऊल ठेवलं नव्हतं. कपाट दाराशीच होतं, तेवढ्यावरून परत यायचं असं ठरवूनच ती गेली होती.

नवरा गुडघ्यावर बसून एकेक फळी लाकडी हातोडीने ठोकत चालला होता. ठोकायचं, कान द्यायचा, पुढे सरकायचं. टण्. टण्. टण्. तिचंही आयुष्य आवाज ऐकण्यात गेलेलं. काचेवर नख वाजवलं की तडा आहे का नाही ते तिला कळायचं. म्हणून तिकडे पाठ असूनही तो आवाज तिला ऐकू आला.

ढब्.

पुन्हा ढब्. मग टण्, टण्, आणि तो पुढे गेला. त्या फळीवर खडूची खूण केली नाही, काही नाही. सरळ सोडून दिली.

ती वळली. तो होता डाव्या बाजूला, मधल्या रेषेपासून चार पावलं पुढे. ती जागा तिला आंधळी झाली असती तरी सापडली असती.

"अहो," ती म्हणाली. "ती मागची फळी पोकळ वाजली."

सुताराने मान वर केली नाही. "हं. ती राहू दे म्हणालीय ताई."

"का?"

"इतिहास आहे म्हणाली." आणि बोलता बोलता आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. हातोडी तशीच हातात राहिली.

तिने काच भिंतीला टेकवली. पोरींनी कोपऱ्यात ठेवलेला एक चेंडू उचलला, सरळ त्या फळीपाशी गेली आणि सोडला. चेंडू खाली गेला आणि घोट्याएवढाच उसळून लोळायला लागला. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच. शेजारच्या फळीवर सोडला तर टुणकन कमरेपर्यंत आला.

"खालचा वासा कुजला होता," सुतार जमिनीकडे बघत सांगू लागला. "छप्पर गळायचं तेव्हा. बाबा बदलणार होते. तेव्हाच्या सरांनी सांगितलं, ठेवा, आपल्या पोरींना माहीत असलेलं बरं. त्या दिवशी ताईने मुद्दाम डावी बाजू मोकळी सोडली."

गळकीला ती मोकळी बाजू आठवली. ती जन्मभर म्हणत आली होती, एवढी मोकळी वाट मिळूनही मी माती खाल्ली.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"संघातल्या सगळ्यांना. सरांना होतं. बाबांना. आताच्या पोरी नुसती जुनी फळी समजून टाळतात."

"आणि तुम्हाला?"

तो हातोडीचा दांडा चोळत राहिला.

"तेव्हापासून? तिथे भिंतीला टेकून उभे होतात, तेव्हापासून?"

"...हो."

"म्हणजे मी हाताकडे बघत उभी होते, तेव्हा तुला ठाऊक होतं!" लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि ती पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होती. "अरे, सगळं ठाऊक असून मला मागणी घातलीस? माझ्या हातून चमचा पडल्यावर सगळ्यांबरोबर हसलास? माझी लेक मला म्हणाली, तुझ्यामुळे, आणि तू शेजारी बसून जेवत होतास! घास तरी कसा उतरला रे तुझ्या गळ्याखाली?"

"ताईला काय वाटेल म्हणून..." तो पुटपुटला. "मग वेळ निघून गेली. मग सांगायचं कसं, तेच कळेना."

तिने रडायला हवं होतं, पण तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो राग इतका स्वच्छ होता की तिला चक्क बरं वाटलं. इतकी वर्षं ती स्वतःवर रागावत आली होती. आता हा राग ज्याचा त्याला परत करायची सोय झाली होती.

पहिला विचार आला तो असा की बाहेर जावं आणि चौकात उभं राहून ओरडावं. पण ती मूर्ख नव्हती. लोक काय म्हणाले असते? पंचवीस वर्षांनी गळकीला सबब सुचली. नाचता येईना अंगण वाकडं. नवरा साक्ष देईल म्हणावं तर बहिणीने डोळे वटारले की हा पाणी-पाणी. नाही. हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघून चालणार नव्हतं. कॅप्टनच्याच तोंडून निघायला हवं होतं, भरल्या हॉलमध्ये, सुईणीच्या देखत.

ती चालत जाऊन पिवळ्या ताऱ्यावर उभी राहिली.

"इथली फळी काढता येते?"

"येते की. पण का?"

"तिथला वासा नवा घाल. अगदी पक्का. आणि इथला काप."

सुताराने तिच्याकडे पाहिलं, ताऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "अगं, ताई मला फाडून खाईल!"

"खाऊ दे. नाहीतर मी खाईन. कोणाच्या दाताने मरायचं ते तू ठरव."

त्याने ठरवलं. बिचारा म्हणायचं तर म्हणा, पण एवढ्या वर्षांत त्याच्याकडून हिने काही मागितलं नव्हतं, आणि मनात कुठेतरी त्यालाही हे ओझं टोचत असणारच. त्याने दार आतून लावलं आणि दुपारभर खपला. जुन्या जागी नवा वासा चढवला. ताऱ्याखालची फळी अलगद उचलली, खालचा वासा कापून काढला, त्या जागी भुसा दाबून भरला आणि फळी परत बसवली. ताऱ्याच्या रंगाला ओरखडासुद्धा उठला नाही. मग सगळ्या हॉलला पॉलिश मारून दारावर कागद चिकटवला: ओलं आहे, कार्यक्रमापर्यंत कोणी आत जाऊ नये.

कॅप्टनने भावाला रस्त्यात गाठलं. "ती फळी राहू दिलीस ना?"

सुताराने मान हलवली. नुसती मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तो घरी येऊन दोन-तीनदा म्हणाला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी हॉल असा भरला की खिडक्यांतूनसुद्धा माणसं. खिडक्यांच्या काचाही गळकीनेच बसवलेल्या. एका बाजूला जिंकलेला जुना संघ, सगळ्या नव्या कपड्यांत, केस सेट करून आलेल्या. समोरच्या बाजूला पलीकडच्या गावाच्या बायका, लग्नात चुकून भलत्या मांडवात शिरल्यासारख्या. त्यांच्या मधोमध सुईण बसली होती, हाताची घडी घालून. तिने गळकीकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मुलगी शाळेच्या संघाबरोबर उभी होती, नवी कोरी जर्सी घालून. आत्याने शब्द पाळला होता. आता आईने पाळायचा होता.

हेडमास्तर माइक घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिले. "शेवटची काही सेकंदं!" ते उत्साहाने म्हणाले. "पाहुणे एका गुणाने पुढे! चेंडू आहे गळ... माफ करा, आमच्या वहिनींकडे!"

हशा पिकला. चेंडू गळकीच्या हातात आला. पंचवीस वर्षांनी हातात चेंडू. तिने चेंडू दोन-तीनदा आपटला. हाताला सगळं आठवत होतं.

कॅप्टनने डावी बाजू मोकळी सोडली. अगदी तेव्हा सोडली होती तशी, जरासं बाजूला होऊन, आपण दमलोय असं दाखवत. तेव्हा ते लबाडीचं वाटलं नव्हतं. आज वाटलं.

ती डावीकडून निघाली. कॅप्टन पुढे आली, गुडघ्यात वाकली, दोन्ही हात पार खाली नेले, घोट्यापाशी. चेंडू त्या फळीवर पडला आणि टुणकन वर आला. गळकीच्या तळहातात, मांजर मांडीत येऊन बसावं तसा. कॅप्टनचे हात जमिनीजवळ हवेतच एकमेकांवर आपटले, तोल गेला, आणि ती धप्पकन खाली बसली.

मागून कोणीतरी हसलं.

"हे... हे थोडं वेगळं झालं," हेडमास्तर माइकवर म्हणाले.

गळकी चेंडू आपटत वळून आली. तिने पुढे जाऊन बास्केट केली असती, कोण अडवणार होतं? पण तिला बास्केट नको होती. तिने चेंडू दोन्ही हातांनी नणंदेपुढे धरला. "घ्या, वन्सं. कार्यक्रम थांबायला नको. लोक तुमची बास्केट बघायला आलेत."

कॅप्टनने चेंडू हिसकावला. लालबुंद झाली होती. तावातावाने ताऱ्याकडे गेली. हेडमास्तरही माइक घेऊन तिच्या मागे, तो क्षण जवळून टिपावा म्हणून. तिने रिंगकडे नजर लावली, दर वर्षीसारखी, खाली न बघता एक टप्पा घेतला, आणि हात कमरेशी चेंडूची वाट बघत राहिला. चेंडू आलाच नाही. तो पायाशी भद्दकन पडून लोळत गेला. कॅप्टनचा हात हवेत तसाच.

"गळकी!" कुठलंसं पोर पुढच्या रांगेतून ओरडलं.

आता हॉलच फुटला. म्हातारे हसले, पोरं हसली, न्हावी डोळे पुसायला लागला. कॅप्टनने धावत जाऊन चेंडू आणला, पुन्हा टप्पा घेतला. पुन्हा भद्दकन. मग तिने खाली पाहिलं. ताऱ्यावर जोराने पाय आपटला. ढब्. तो आवाज ती जगातल्या कुठल्याही आवाजाआधी ओळखणार होती.

ती गर्रकन भावाकडे वळली, आणि माइक तिच्या तोंडापासून हातभरही लांब नव्हता.

"फळी हलवलीस! मेल्या, ती पोकळ फळी माझ्या ताऱ्याखाली आणलीस! ती तिकडे होती! डावीकडे! पहिल्यापासून तिकडे होती, हिच्यासाठी ठेवलेली!"

कर्णे चारही कोपऱ्यांत होते. 'हिच्यासाठी ठेवलेली' हे शब्द खिडक्यांतल्या माणसांनासुद्धा नीट ऐकू गेले.

हसणं थांबलं. गळकी दोन पावलं पुढे आली आणि अगदी हळू, घरात विचारावं तसं विचारलं, "कुठली फळी, वन्सं?"

कॅप्टनने हात तोंडावर नेला. फार उशीर झाला होता.

समोरच्या बाजूने सुईण उठली. हाताची घडी सुटली होती. "हो, सांगा की. कुठली फळी? आम्हीही ऐकतो."

कॅप्टनने आपल्या संघाकडे पाहिलं. तिच्या जुन्या सख्या आपापल्या चपला बघत होत्या, जणू आजच पहिल्यांदा घातल्यात. एकीने पर्स उघडली आणि आत बघत बसली. हेडमास्तरांना अजूनही पुरतं समजलं नव्हतं. ते माइक तसाच धरून होते, बिचारे.

सुईण मैदानावर आली. तिने चेंडू उचलला, ताऱ्यावर सोडला. बघितलं. पुन्हा सोडला. मग मान वर करून गळकीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे तुझे हात..."

"माझे हात बरे होते," गळकी म्हणाली. एवढं बोलताना मात्र तिचा आवाज फुटला.

"पंचवीस वर्षं गं!" सुईण तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागली. "पंचवीस वर्षं मी तुझ्या दारावरून मान खाली घालून गेले. मला जोड्याने मार."

"तुला नाही मारायचं," गळकी म्हणाली. तिने सुईणीचा हात धरला आणि सोडला नाही.

कॅप्टन जवळ आली. पहिल्यांदाच तिची पाठ वाकलेली दिसत होती. माइकपासून दूर, खालच्या आवाजात म्हणाली, "अगं, खेळात चालतं असलं. प्रत्येकजण आपल्या मैदानाचा फायदा घेतो. तेवढ्यासाठी घरची अब्रू अशी वेशीवर..."

"घेतो ना," गळकी म्हणाली. "आज मीही घेतला."

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर मन हलकं होईल, दया येईल, नणंदेचा पडलेला चेहरा बघून कुठेतरी कळ उठेल. तसलं काही झालं नाही. तिला मजा आली. घरी येईपर्यंत ती मजा टिकली, दुसऱ्या दिवशी सकाळीही होती, आणि चांगलं महिनाभर चहाबरोबर पुरली.

मुलगी त्या रात्री आईजवळ येऊन बसली. मग आईचा हात आपल्या हाताशेजारी धरून म्हणाली, "आत्या खरं बोलली होती. माझे हात तुझ्यावरच गेलेत." आईने मान दुसरीकडे फिरवली.

पुढे शाळेने खेळ शिकवायला दुसरी बाई आणली. कॅप्टनने शिट्टी कपाटात ठेवली आणि भावाच्या घरी यायचं बंद केलं. पुलाजवळची पाटी अजून आहे. आकड्यांवरून कोणीतरी डांबराची एक आडवी रेघ ओढलीय. पुलापलीकडून आलेली माणसं ती बघून हसतात, इकडची मान खाली घालतात. नवरा आपला फ्रेमा करतो, बायकोच्या तोंडचं अरे-तुरे निमूट ऐकतो.

पंधरवड्याने हेडमास्तर दुकानात आले. एकटेच.

"मिस्त्री, एक छोटं काम होतं," ते संकोचून म्हणाले. "ती ताऱ्याखालची जागा. पोरी तिथे अडखळतात, चेंडू मरतो. तारा खरवडून टाकू, आणि खालचा वासा तेवढा नवा घाला. अर्ध्या दिवसाचं काम."

सुताराने बायकोकडे पाहिलं.

ती मोठ्या काचेवर पट्टी धरून उभी होती. तिने हत्यार एका दमात वरपासून खालपर्यंत ओढलं, काच उचलली, टेबलाच्या कडेवर ठेवून हलकेच दाबली. कट् असा आवाज झाला आणि काचेचे दोन सरळ तुकडे तिच्या दोन हातांत आले.

"राहू दे," ती म्हणाली. "इतिहास आहे."